पलीकडच्या दारातली किल्ली

१

मास्तरांच्या गाडीची किल्ली कुलपातच मोडली, ही बातमी सकाळचा चहा निवायच्या आत अख्ख्या गल्लीला कळली. कुलपं-किल्ल्यांची कामं करणाऱ्या किल्लीताई त्या गल्लीत राहत नव्हत्या, त्यामुळे त्यांना ती जरा उशिरा कळली. पण बोलावणं आल्याबरोबर हातातलं काम तसंच टाकून त्यांनी आपली व्हॅन काढली. व्हॅन चालवायला त्यांना मास्तरांनीच शिकवलं होतं. परवान्याच्या परीक्षेला पाठवण्याआधी मास्तर स्वतःची परीक्षा घेत, आणि तीत त्यांनी किल्लीताईंना दोनदा नापास केलं होतं. त्याचा राग अजून थोडा शिल्लक होता.

मास्तर म्हणजे मोटार शिकवणारे मास्तर. गावातले निम्मे लोक त्यांच्या हाताखालून गेलेले. क्लच जड आहे, रस्ता अरुंद आहे, अशी कुरकुर कुणी केली की ते फक्त "नाचता येईना अंगण वाकडं" एवढंच म्हणत. शिकवणी बंद करून काही वर्षं झाली होती, तरी शिकवणीची जुनी गाडी त्यांनी विकली नव्हती. ती अंगणात, भिंतीला लागून, धुऊनपुसून उभी असे.

किल्लीताई फाटकातून आत शिरल्या. फाटकाचे दोन्ही खांब नव्याने पांढरेशुभ्र रंगवलेले होते. मास्तर व्हरांड्यात आरामखुर्चीत बसले होते.

"ये गं," ते तिथूनच म्हणाले. "अजून दुसऱ्या गिअरला घासतेसच."

"व्हॅन जुनी झालीये, मास्तर."

"अंगण वाकडं," मास्तर म्हणाले.

मास्तरीणबाई पदराला हात पुशीत बाहेर आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टेला जागा नव्हती. "किल्लीताई, आधी ते बघ बाई. दुपारी लेकीला स्टेशनवरून आणायचंय. पाय प्लास्टरमध्ये आहे तिचा. हे म्हणाले मी जातो, आणि सकाळी बघतो तर ही तऱ्हा. किल्ली एकच, दुसरी कधीच झिजून गेली."

"कुठलं दार?"

"तेच तर," वरच्या जिन्यावरून आवाज आला. तो भाडेकरूचा होता. हे गृहस्थ दातांच्या कवळ्या बनवत, म्हणून सगळे त्यांना कवळीवाले म्हणत. किल्लीचं तुटलेलं डोकं सकाळी जमिनीवर पडलेलं त्यांनाच सापडलं होतं. "चालवणाऱ्याच्या दारात नाही. पलीकडच्या, भिंतीकडच्या दारात."

किल्लीताईंनी भिंतीकडे पाहिलं. गाडी आणि भिंत यांच्यामध्ये माणूस जेमतेम आडवा होऊन शिरेल एवढी जागा होती. अंगणाकडचं मोकळं दार सोडून तिथे कोण कशाला जाईल, हे त्यांना कळेना.

२

त्या आडव्या होऊन शिरल्या आणि टॉर्चने कुलपात पाहिलं. तुकडा अगदी कडेशी मोडला होता. कुलपाचा गाभा सरळ होता, केसभरही फिरलेला नव्हता. एका परीने हे बरंच होतं. गाभा फिरलेला असला तर आतल्या पट्ट्या किल्लीला धरून ठेवतात, मग ती कितीही ओढली तरी येत नाही. पण किल्ली मोडते ती फिरवताना. न फिरवता मोडलेली किल्ली म्हणजे न बोलता झालेलं भांडण, आणि अशी भांडणं किल्लीताईंना नेहमीच संशयास्पद वाटत.

त्यांनी कुलपात पातळ तेलाचे थेंब सोडले. मग सोनाराच्या करवतीचं केसासारखं पातं, दात बाहेरच्या बाजूला येतील असं धरून, किल्लीच्या कडेने आत सरकवलं. जरासं पिळलं. दात किल्लीच्या खाचेत रुतल्याचं बोटांना कळलं, तसं त्यांनी हळूच ओढलं.

"आमच्यासारखंच आहे की," कवळीवाले कौतुकाने म्हणाले. "फक्त रुग्ण ओरडत नाही."

"घाई केली तर ओरडतो. तुकडा आणखी आत जातो."

पहिल्यांदा पातं नुसतंच सुटून आलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या खेपेला तुकडा थोडा बाहेर डोकावला, आणि किल्लीताईंनी तो चिमट्यात पकडून काढला. कवळीवाल्यांनी दिलेलं डोकं आणि हा तुकडा त्यांनी तळहातावर जोडून पाहिला, मग भिंग लावलं, आणि भिंग लावल्यावर त्यांना राहवेना.

"ही मोडलेली नाहीये हो!" त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "मोडून ठेवलीये! बघा, निम्मा भाग खरबरीत, तो तुटलेला. आणि हा निम्मा सपाट, चकचकीत. कानशीने घासलाय. आधी मानेत निम्मी कापली, मग आत घालून बाजूला वाकवली. मुद्दाम केलंय कुणीतरी."

उचलली जीभ लावली टाळ्याला, ही किल्लीताईंची जुनी खोड. शोध लागला की तो सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मास्तरीणबाईंनी सावकाश मान वळवून दाराकडे पाहिलं. तिथे त्यांची सून उभी होती.

"काल किल्ली कुणाकडे होती गं?" त्यांनी विचारलं.

३

"माझ्याकडे होती, आई," सून म्हणाली. "संध्याकाळी गाडीत बसून नुसते गिअर टाकून बघितले, आणि किल्ली परत खुंटीला लावली."

सुनेचा नवरा जहाजावर नोकरीला, सहा-सहा महिने बाहेर. मागे घरात ही तीनच माणसं. सुनेला गाडी मास्तरांनीच शिकवली होती. परवानाही मिळाला होता, पण मास्तर तिला गाडी बाहेर काढू देत नव्हते. विचारलं की एकच उत्तर, "अजून कच्ची आहेस."

"आणि परवा काय म्हणाली होतीस?" मास्तरीणबाईंचा आवाज चढला. "वन्संना मी आणते म्हणालीस. हे नको म्हणाले, तर फणकारलीस की मग ही गाडी कुणीच चालवू नये. म्हणालीस की नाही?"

"म्हणाले. रागात म्हणाले."

"आणि भिंतीकडचं दार! अंगणाकडच्या दाराशी उभं राहिलं असतं तर मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसलं असतं. ते टाळायला पलीकडून शिरलीस. माझ्या लेकीचा पाय मोडलाय गं, आणि तू तिच्यावर राग काढतेस!"

सून पांढरी पडली. तिने मास्तरांकडे पाहिलं. "बाबा, तुम्हालाही असंच वाटतं?"

मास्तर खुर्चीच्या हातावर अंगठा घासत होते. "मी काय बोलणार," ते म्हणाले.

"ठीक आहे," सून म्हणाली. "मी माहेरी जाते. हे आले की त्यांना सांगा मी काय केलं ते. एकदा या घरात चोर ठरले की रोज मीठ मोजून घालावं लागेल मला."

ती आत गेली. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला. मास्तरीणबाई तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेल्या. अंगणात हातात किल्लीचे दोन तुकडे घेऊन किल्लीताई एकट्याच उभ्या राहिल्या. आपण जीभ आवरली असती तर ही मुलगी आत्ता कपडे भरत नसती, हे त्यांना लख्ख कळत होतं, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. किल्ली काढली म्हणून काम संपलं, असं आता म्हणता येणार नव्हतं.

४

सून पलंगावर साड्यांच्या घड्या घालत होती. घड्या नीट होत नव्हत्या.

"एक विचारू?" किल्लीताई दारातूनच म्हणाल्या. "काल गाडीत बसलीस ती कुठल्या दाराने?"

"कुठल्या म्हणजे? चालवणाऱ्याच्या. चालवायचा सराव करायला दुसऱ्या दाराने कशाला बसेन?"

"आणि सासूबाईंना दिसलीस?"

"खिडकीतून बघत होत्या की. हसल्यासुद्धा." सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. "ताई, मला लपायचंच असतं तर अंगणात कशाला मोडली असती? किल्ली पर्समध्ये टाकून बाजारात हरवली म्हणाले असते. कुणी काही बोललं असतं का?"

किल्लीताईंना हे पटलं. लपायची अक्कल असलेला माणूस किल्ली कुलपात मोडून सगळ्यांसमोर ठेवत नाही. ज्याने मोडली, त्याला गाडी बंद पडायला हवी होती, आणि तीही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आपोआप बंद पडल्यासारखी.

त्या जिना चढून वर गेल्या. कवळीवाल्यांच्या खोलीत टेबलावर दातांचे साचे ओळीने मांडले होते, आणि फडक्यावर कानशी. कवळीवाल्यांचाही गाडीवर राग होता. ती हलली तर त्यांची स्कूटर सावलीत लागली असती, आणि हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

"माझ्यावर संशय आहे, कळलं," ते हसून म्हणाले. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? या माझ्या कानशी. घासून बघा."

किल्लीताईंनी खिशातल्या एका टाकाऊ किल्लीवर घासून पाहिलं. ओरखडे रेशमासारखे बारीक उठले. तुटक्या किल्लीवरचे ओरखडे दणकट, जाडेभरडे होते. ती कानस मोटारीच्या अवजारांतली असावी.

कवळीवाल्यांनी तुकडा हातात घेऊन आपल्या भिंगाखाली धरला, आणि त्यांचं हसू गेलं. "हे बघा. घाव एका जागी नाही. पहिला इथे घसरला. दुसरा त्याच्या खाली. तिसरा पार दुसऱ्या टोकाला. चौथ्या खेपेला कुठे खाच पडली. ज्याने घासली त्याला नेमकं कुठे घासायचं ते सापडत नव्हतं."

"अंधारात घासली असेल?"

"असेलही." त्यांनी तुकडा परत दिला आणि खिडकीतून खाली, फाटकाकडे पाहिलं. "मास्तरांनी ते खांब मध्यंतरी रंगवून घेतले, पाहिलेत? मी म्हटलं, छान दिसतात. तर म्हणाले, छान दिसायला नाही, दिसायला रंगवलेत. मला वाटलं गंमत करतायत."

किल्लीताईही हसल्या नाहीत.

५

व्हॅनमध्ये त्यांनी दोन्ही तुकडे जोडून यंत्रात घट्ट धरले आणि त्यांच्यावरून नवी किल्ली कापली. घासली होती ती मान, दात शाबूत होते, त्यामुळे अडचण आली नाही. किल्ली घेऊन त्या पुन्हा भिंतीकडून शिरल्या. कुलूप लोण्यासारखं फिरलं. इंजिनच्या जागीही लागते का बघावं म्हणून त्या त्याच दाराने आत बसल्या, आणि पाय खाली सोडताच पायाला काहीतरी लागलं.

ब्रेक आणि क्लच. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या दोन जोड्या असतात. एक शिकणाऱ्याची, एक शिकवणाऱ्याची. किल्लीताई शिकवणाऱ्याच्या जागेवर बसल्या होत्या. एवढ्या वर्षांत या बाजूला बसायची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

मग त्यांना सगळं आठवलं. शिकणारा चालवणाऱ्याच्या दाराशी उभा राहून वाट बघायचा. मास्तर मात्र गाडीला वळसा घालून पलीकडे जायचे, आपलं दार किल्लीने उघडायचे, बसायचे, आणि मग आतून हात लांब करून शिकणाऱ्याचं दार उघडायचे. "दार मी उघडणार, तेव्हा तू बसणार. म्हणजे गाडी कुणाच्या ताब्यात आहे हे लक्षात राहतं." त्यांच्या हातातली किल्ली आयुष्यभर एकाच कुलपात गेली होती. घरातल्या दुसऱ्या कुणाचाही हात या दाराकडे वळला नसता. लपायचा प्रश्नच नव्हता. हाताला दुसरी वाटच ठाऊक नव्हती.

किल्लीताईंना हातातली किल्ली आता नकोशी वाटत होती. ती दिली, तर आपल्याला जे कळलंय ते खरं असेल तर, मास्तर ती घेऊन रस्त्यावर निघतील, कारण नाही म्हणायला आता काही उरणार नाही. न द्यावी, तर आतली मुलगी चोर ठरून घराबाहेर पडेल. आणि चारचौघांत खरं बोलून मोकळं व्हावं, तर आजच्या सकाळी एवढा शहाणपणा एकदा करून झाला होता.

त्या व्हरांड्यात गेल्या आणि मास्तरांसमोर तळहात पुढे केला.

"मास्तर, एवढं सांगा. आत मोडला तो तुकडा हाच ना?"

मास्तरांनी हाताकडे मान वळवली. "हाच," ते म्हणाले.

किल्लीताईंनी त्यांचा हात धरला आणि तळहातावरची वस्तू त्यांच्या बोटांत ठेवली. मास्तरांचा अंगठा तिच्यावरून एकदा फिरला, आणि थांबला.

"बटण," मास्तर म्हणाले.

"शर्टाचं. कधीपासून, मास्तर?"

मास्तरांनी मूठ मिटली. मग हळू आवाजात म्हणाले, "मधलं सगळं पुसल्यासारखं झालंय. कडेचं दिसतं. माणूस आला की खांदे दिसतात, चेहरा दिसत नाही. चालायला अडत नाही. म्हणून कुणाला कळलं नाही."

"मग नाही दिसत म्हणायचं ना सरळ."

"मी?" मास्तर हसले, पण ते हसणं ऐकवेना. "ज्याचे डोळे अधू, त्याला मी दारातूनच परत पाठवायचो. माझ्या सख्ख्या थोरल्या भावाला परत पाठवलं. रडला तो. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. आणि लेकीचा फोन आला, बाबा तुम्हीच या न्यायला, तेव्हा तोंडातून हो निघून गेलं. वाटलं, किल्ली मोडली की रिक्षा बोलावतील, विषय संपेल. पहाटे उठून घासली. तू भिंग लावून गावभर ओरडशील, हे डोक्यात नव्हतं."

"डोळे उघडे ठेवायला तुम्हीच शिकवलंत," किल्लीताई म्हणाल्या. "पण मास्तरीणबाईंनी सुनेला बोलून घेतलं, आणि तुम्ही गप्प बसलात. किल्ली मोडली ते मी कुणाला सांगणार नाही. गप्प बसलात त्याचं काय करायचं, ते तुमचं तुम्ही बघा."

त्यांनी नवी किल्ली मास्तरांच्या मांडीवर ठेवली. आतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

६

सून बॅग घेऊन पायऱ्या उतरली, तेव्हा मास्तर उठून उभे होते. हातात किल्ली होती. मास्तरीणबाई दारात आल्या. "झाली किल्ली? देवा रे, सुटले. निघा मग, लेकीची गाडी यायची वेळ होतेय."

मास्तर पायऱ्या उतरून गाडीपाशी गेले. तळहात गाडीच्या अंगावरून फिरवत ते पुढून वळसा घालून निघाले. चालवणाऱ्याचं दार मागे राहिलं. ते भिंतीकडे वळले, आडवे होऊन आत शिरले, दार उघडलं आणि बसले. मग आतून हात लांब करून त्यांनी चालवणाऱ्याचं दार उघडलं.

"सूनबाई," त्यांनी हाक मारली. "ये, बस."

सून बॅग घेऊन पायरीपाशीच उभी राहिली.

"किल्ली मी मोडली," मास्तर मोठ्याने म्हणाले. गाडीच्या आतून त्यांचा आवाज घुमल्यासारखा येत होता. "मला दिसत नाही. रस्ता दिसत नाही, माणसाचं तोंड दिसत नाही. सांगायची लाज वाटली. तुला बोलणी बसली तेव्हाही गप्प बसलो. ही लाज त्याहून मोठी आहे."

मास्तरीणबाईंनी दाराची चौकट धरली. सून तशीच उभी होती.

"मी कच्ची आहे ना, बाबा?" ती म्हणाली. तिच्या आवाजात अजून राग होता, आणि तो असायलाच हवा होता.

"तू कशी चालवतेस ते मला दिसतच नव्हतं. दिसत नाही म्हणण्यापेक्षा कच्ची आहे म्हणणं सोपं पडलं."

मास्तरीणबाई पायऱ्या उतरून आल्या. त्यांनी सुनेच्या हातातली बॅग धरली. सुनेने ती लगेच सोडली नाही.

"ताटातलं लोणचं मी यांच्या बोटाशी सरकवते," मास्तरीणबाई म्हणाल्या. "किती दिवस झाले. काय चाललंय ते मला कळत होतं गं, पण कळून घ्यायचं नव्हतं. म्हणून तुझं नाव आधी तोंडात आलं. तू जाऊ नकोस. जायचंच असलं तर आधी मला चार शब्द ऐकवून जा."

सून त्यांच्याकडे बघत राहिली. "ऐकवीन," ती म्हणाली. "वन्सं घरी आल्या की ऐकवीन." आणि तिने बॅग सोडली.

ती गाडीत बसली. आसन पुढे घेतलं, आरसा नीट केला. किल्लीताई भिंतीकडच्या दाराशी उभ्या होत्या, म्हणून त्यांना ते दिसलं. गाडी सुरू होताच मास्तरांचे पाय सवयीने त्यांच्या ब्रेक आणि क्लचवर गेले. तिथे ते क्षणभर थांबले. मग मास्तरांनी दोन्ही पाय उचलले आणि मागे, आसनाखाली ओढून घेतले.

गाडी पांढऱ्या खांबांमधून सावकाश बाहेर पडली आणि रस्त्याला लागली. किल्लीताई कान देऊन ऐकत होत्या. पहिला गिअर, मग जरा वेग, मग दुसरा. तो पडला, आणि घासल्याचा कसलाही आवाज झाला नाही.

"मला हे दोन वेळा नापास होऊनसुद्धा जमलं नाही," त्या जिन्यावर आलेल्या कवळीवाल्यांना म्हणाल्या, आणि डोळे पुसत आपली अवजारं गोळा करू लागल्या.